कराचीचं जहाज

आमच्या घरात जी गोष्ट येणार येणार म्हणून सांगतात आणि कधीच येत नाही, तिला कराचीचं जहाज म्हणतात. माझ्या नवऱ्याचं, विश्वजीतचं प्रमोशन म्हणजे कराचीचं जहाज. "या शुक्रवारी नक्की बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊ, तुझ्या कानातल्यांचं बघू" हेही कराचीचं जहाज. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, यांचं कुणीतरी बोटीवर होतं आणि बुडालं. मग सासऱ्यांनी सांगितलं की ते जहाज पाण्यातलं नव्हतंच, आकाशातलं होतं.

सासरे म्हणजे शामराव. वय बाहत्तर, एसटीच्या चिपळूण डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. यंदा ऑक्टोबरात ते व्हिजिट व्हिसावर बहरीनला आमच्याकडे आले आणि सुकटीच्या पिशवीबरोबर ती गोष्टही घेऊन आले. त्यांचा आजा शंभरेक वर्षांपूर्वी खेडहून कराचीला मजुरीला गेला होता. इंग्रज सरकार तिथे एक शेड बांधत होतं, एवढी उंच की आत ढग अडकेल असं आजा सांगायचा. विलायतेहून गॅसने भरलेलं एक प्रचंड हवाई जहाज तरंगत येणार होतं आणि ते त्या शेडमध्ये ठेवायचं होतं. आजाने दोन वर्षं त्या शेडच्या लोखंडी तुळया चढवल्या. शेड उभी राहिली. जहाज मात्र वाटेत फ्रान्समध्ये पडलं आणि जळून गेलं. आजा गावी परतला तो रिकाम्या हाताने, आणि घराला एक म्हण मिळाली.

माझी मुलगी मैत्री नववीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला शाळेत इतिहासाचं प्रोजेक्ट होतं, एखाद्या मोठ्या अपघातावर. आजोबांची गोष्ट ऐकून तिने तेच जहाज घेतलं. आजोबा एवढे खूश झाले की प्रोजेक्ट शाळेतल्या बाईंसाठी नसून आपल्या खानदानासाठीच चाललंय असं त्यांना वाटायला लागलं. रोज विचारायचे, "कुटवर आलं जहाज?"

मी सीफमधल्या एका इन्स्पेक्शन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. होते म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच.

आमचे इन्स्पेक्टर साइटवर जाऊन क्रेन, लिफ्ट, क्रेडल तपासतात. क्रेडल म्हणजे टॉवरच्या काचा पुसायला दोन माणसं ज्या लोखंडी ट्रेमध्ये उभी राहून तारेच्या दोरांवरून वर-खाली करतात, तो. इन्स्पेक्टर हाताने एक शीट भरतो. त्या शीटवरून मी सर्टिफिकेट तयार करते, इन्स्पेक्टर सही करतो, मी सिस्टीममध्ये 'रिलीज' दाबते. मग क्रेडलवर चिकटवलेला क्यूआर कोड कुणीही मोबाइलने स्कॅन केला की पान हिरवं उघडतं. सर्टिफिकेट नसलं किंवा संपलं की लाल.

हे झालं कागदावरचं. खरं सांगायचं तर इन्स्पेक्टर दिवसभर उन्हात वणवण फिरत असतो, आणि क्लायंटला सर्टिफिकेट कालच हवं असतं. म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर होतं. त्यात सगळ्या इन्स्पेक्टरांच्या सह्या फोटो काढून ठेवलेल्या. इन्स्पेक्टर फोनवरून म्हणायचा, "ताई, ओके आहे, टाका माझी सही." मी मागच्या वेळची फाइल उघडायची, तारीख बदलायची, सही चिकटवायची, रिलीज. चार मिनिटांचं काम. शीट नंतर केव्हातरी ड्रायव्हरच्या पिशवीतून यायची, मी पंच करून फाइलला लावायची. आठ वर्षं हेच केलं. सगळ्याच ऑफिसांत करतात, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. आपली चूक चारचौघांत वाटून घेतली की तिचं वजन लागत नाही.

त्या मंगळवारी सकाळी आमचे मॅनेजर कमाल माझ्या टेबलाशी आले. हैदराबादचे, गोड बोलणारे, ऑफिसात कुणाचा वाढदिवस विसरत नाहीत.

"अंजना मॅडम, वो ब्लू ग्लास टॉवर का क्रेडल, दस दिन का टेम्पररी निकाल दो. सलील ने कल देख लिया है."

सलील आमचा सर्वांत तरुण इन्स्पेक्टर, पुण्याचा. सोमवारी तो साइटवरूनच परस्पर एअरपोर्टला गेला होता, वडिलांची बायपास होती. त्याचा रजेचा फॉर्म आणि तिकीट मीच फाइल केलं होतं. मी कमालना विचारलंही नाही, की सलीलचा फोन आला होता का. हात आपोआप चालले. मागची फाइल, नवी तारीख, सलीलची सही, रिलीज. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग मी चहा घेतला.

तीन वाजता ड्रायव्हरने सलीलची पिशवी आणून टेबलावर टाकली. मी शीट काढली, पंचमध्ये घातली आणि सवयीने नजर टाकली. सलीलचं अक्षर अगदी शाळेतल्या हुशार मुलासारखं. डावीकडचा मुख्य दोर गच्चीच्या कठड्याला घासतो, तारा तुटलेल्या. खाली त्याने आकडा लिहिला होता आणि दोनदा अधोरेखित केला होता. पुढे, दुसऱ्या सेफ्टी दोराचं लॉक पकडत नाही. घासण्याच्या जागी साइटवाल्यांनी रबर गुंडाळलंय, हा उपाय नाही. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, फेल. वापर ताबडतोब बंद.

मी उठले. शीट घेऊन कमालच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती वाचली नाही. वाचायची गरज नव्हती, त्यांना माहीत होतं. सलीलने एअरपोर्टवरून फोन करून सगळं सांगितलं होतं.

"मॅडम, सलील नया लड़का है, किताब से चलता है. नया रोप दुबई से शनिवार को आ रहा है. गुरुवार शाम को टॉवर की ओपनिंग है, बड़े लोग आएँगे, काच गंदी दिखेगी तो क्लायंट हमें छोड़ेगा? इसीलिए तो दस दिन का ही दिया. पुराना क्रेडल कभी गिरा है क्या? रबर लगा है. खलास."

"सर, निदान लाल तो करो. आपके लॉगिन में है."

"कल सुबह सात बजे काम शुरू, परसों दोपहर तक ख़त्म. दो दिन. इंशाल्ला कुछ नहीं होगा." आणि मग, अगदी मायेने, "आपका काम टाइपिंग का है मॅडम. इंजीनियरिंग हम पे छोड़ दो."

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चला, आपलं काम टाइपिंगचं! मी जागेवर येऊन बसले. सलीलला फोन लावला, तो बंद होता. शीट फाइलला न लावता मी ती घडी करून पर्समध्ये टाकली. का, ते तेव्हा कळलं नाही. ऑफिसचा कागद घरी नेणं म्हणजे चोरीच.

जिदहफ्सला घरी आले तेव्हा मैत्रीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता आणि आजोबा चष्मा पुसून तयार बसले होते. उद्या शाळेत प्रोजेक्ट दाखवायचं होतं, आज घरी रंगीत तालीम. विश्वजीत रात्रपाळीला निघून गेला होता. मी ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, एका तव्यावर भाकरी, दुसऱ्यावर सुरमई होती, आणि मैत्री मोठ्याने वाचत होती. आजोबांसाठी म्हणून मधूनमधून मराठी.

"आजोबा, ते जहाज खूप हेवी झालं होतं. सो त्यांनी ते मधोमध कापलं आणि एक एक्स्ट्रा भाग घातला, जास्त गॅस मावायला. पण आतल्या गॅसबॅग्ज लोखंडाच्या फ्रेमला घासायच्या. लॉट्स ऑफ होल्स."

"वादळात सापडलं नं ते? माजा आजा सांगायचा, मोठं वादळ व्हतं."

"वादळ पण होतं. पण वेट ना. एक इन्स्पेक्टर होता. त्याने जुलैमध्ये बॉसला लेटर लिहिलं, की बॅग्ज घासतायत, मी परमिट द्या म्हणून सांगू शकत नाही. आणि बॉस म्हणाला, घासतं तिथे पॅडिंग लावा. हजारो ठिकाणी कापड गुंडाळलं, आजोबा. इन्स्पेक्टरने लिहिलं होतं की हा उपाय नाही."

भाकरी माझ्या हातातच राहिली. तव्याचा वास यायला लागला तेव्हा मैत्री म्हणाली, "आई, समथिंग इज बर्निंग."

मी गॅस बंद केला. "मग? पुढे?"

"मिनिस्टरला इंडियात येऊन कॉन्फरन्ससाठी परत जायचं होतं. सो डेट फिक्स होती. फुल स्पीडची टेस्ट झालीच नाही. नवं कार्पेट मात्र घातलं, पार्टीसाठी. आणि सर्टिफिकेट कधी मिळालं माहितीये? सेम इव्हनिंग! निघायच्या आधी हातात दिलं. चोपन्न लोक होते. फक्त सहा वाचले."

"त्या कपड्यानंच पडलं म्हणायचं मग," सासरे म्हणाले.

"नक्की का पडलं ते नोबडी नोज फॉर शुअर. पण जायला नको होतं, एवढं माहीत होतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला. नव्वद-पंच्याण्णव वर्षं त्यांच्या घरात सगळा दोष वादळाच्या माथी होता, आणि आता नातीने त्यात माणसं आणून बसवली. ते पुटपुटले, "आजा रोज सांजच्याला शेडीच्या दारात हुबा ऱ्हायचा म्हणं. वरती बगत. पाहुणं येनार म्हणून."

"ते सर्टिफिकेट," मी विचारलं, "टाइप कुणी केलं?"

मैत्री हसली. "आई! दॅट्स नॉट इन हिस्टरी."

बरोबर आहे. इतिहासात मिनिस्टर असतो, कॅप्टन असतो, पत्र लिहिणारा इन्स्पेक्टरही असतो. पण कुणीतरी तो कागद मशीनला लावला असणार, तारीख घातली असणार, साहेबापुढे ठेवला असणार, आणि मग चहा घेतला असणार. त्या बाईचं किंवा बाप्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तेवढ्याच आडोशाला मी आठ वर्षं सुखाने बसले होते.

मी पर्समधून शीट काढून सासऱ्यांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांना इंग्रजी अक्षरं सावकाश लागतात. बोट फिरवत त्यांनी वाचलं. दोनदा अधोरेखित केलेल्या आकड्यावर बोट थांबलं.

"डेपोत ब्रेक तपासल्यावर लॉगशीटवर माजी सही लागायची," ते म्हणाले. "ती न्हाय तर गाडी फाटकाभायर जात नव्हती. एकदा डेपो मॅनेजरनं सांगितलं, शामराव, गणपतीचं जादा गाड्यांचं दिवस हायेत, करून टाका. मी म्हटलं, सायेब, पेन घ्या, तुमी करा. त्यांनी न्हाय केली." मग माझ्याकडे बघून, "तुज्याजवळ तर दुसऱ्याचं पेन हाय, पोरी. ते लई वाईट."

मला ते बोलणं झोंबलं. मी चिडून म्हणाले, "मामंजी, तुमची सरकारी नोकरी होती. माझा व्हिसा कंपनीचा आहे."  जेवणं झाली. जळकी भाकरी मीच खाल्ली.

सकाळी सहाला विश्वजीत शिफ्टवरून आला. दारात बूट काढत असतानाच त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी नवरा म्हणून विचार केला. "नोकरी जाईल अंजना. वर केस होईल. खोटी सही तू केलीस, कमालने नाही. तो कानांवर हात ठेवेल." मग त्याने काढलेला बूट परत पायात घातला. "चल, सोडतो. नंतर आपल्यालाच झोप लागणार नाही."

टॉवरपाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मी गाडीतूनच वर पाहिलं. निळ्या काचांवर, अगदी वरच्या बाजूला, एक आडवी पांढरी रेघ आणि तिच्यात दोन ठिपके. क्रेडल वर गेलं होतं.

गेटवर सेफ्टी ऑफिसर होती, सुहा. तिशीतली बहरीनी मुलगी, हेल्मेटखाली काळा हिजाब, हातात वॉकीटॉकी. मी धापा टाकत इंग्रजीत म्हटलं की क्रेडल खाली घ्या, त्याचं सर्टिफिकेट खरं नाही. तिने शांतपणे मोबाइल काढला, गेटवरच्या बोर्डवर लावलेला त्याच क्रेडलचा कोड स्कॅन केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. हिरवं. वर तारीख, खाली सलीलची ती वळणदार सही.

"सिस्टीम व्हॅलिड दाखवतेय," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"हे हिरवं करते ती मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी शीट दिली. तिने वाचली, कपाळाला आठी पडली, पण मान हलवली. कागद कुणीही भरू शकतं, एखाद्याला कंपनीवर राग असू शकतो. अशा बायका गेटवर येतात, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिच्या नजरेत दिसलं. एवढा टॉवर, गुरुवारी ओपनिंग, आणि एका घामाघूम बाईच्या शब्दावर काम बंद करायचं? तिच्या जागी मी असते तरी हिरव्यावरच विश्वास ठेवला असता. हिरव्यावर विश्वास बसावा, याचाच तर मला पगार मिळत होता.

मी मोबाइलमध्ये सलीलचा रजेचा मेल उघडला. त्याला तिकीट जोडलेलं होतं. "हे बघा. सलील सोमवारी रात्रीच्या विमानाने गेला. मंगळवारी सकाळी तो पुण्यात, हॉस्पिटलमध्ये. आणि सर्टिफिकेटवर सहीची वेळ बघा, मंगळवार, अकरा वीस. तो देशातच नव्हता. सही मी केली. मी चिकटवली." शेवटचं वाक्य मी जमिनीकडे बघत बोलले. भीतीने नाही, लाजेने.

सुहाने वेळ पाहिली, तिकीट पाहिलं, आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "क्रेडल टीम, काम बंद. हळू, एकदम हळू खाली या. यल्ला, चला."

मला वाटलं होतं, सांगितलं की सुटलो. पण त्या निळ्या भिंतीला उघडणारी एकही खिडकी नव्हती. खाली यायचं तर त्याच दोरावरून. वीस मजले. मी कठड्याकडे बघायचा प्रयत्न केला, तिथे रबराचा काळा ठिपका दिसतोय का, पण उन्हाने डोळे दिपत होते. क्रेडल थोडं सरकायचं, थांबायचं, डावी बाजू किंचित खाली झुकायची, पुन्हा सरकायचं. सुहा माझ्या शेजारी उभी होती. विश्वजीत गाडीतून उतरून माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. मी मनात त्रिसरण म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले, जे लहानपणापासून पाठ आहे ते. चौदा मिनिटं लागली. ज्या कागदाला मी चार मिनिटं दिली होती, त्यावर ती दोन माणसं चौदा मिनिटं लटकत होती.

ट्रे जमिनीला टेकला. आधी एक तरुण नेपाळी कामगार उतरला आणि सावलीत जाऊन बसला. मग दुसरा, पन्नाशीचा रहिमतुल्ला. तो पेशावरकडचा, पाठीवर हार्नेस, दाढी पांढरी झालेली. सुहाने त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि थेट माझ्याकडे आला. मला वाटलं आभार मानेल. आपला जीव किती लोभी असतो बघा, त्या क्षणीही मला आभार हवे होते.

"मैडम, आज बोलते हो?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मैंने ख़ुद कहा था सलील साहब को, रस्सी काट रही है. साहब बोले, चाचा, लाल होगा तो मत चढ़ना, हरा होगा तो चढ़ना. देखो." त्याने खिशातून तडा गेलेला मोबाइल काढला. "रोज़ सुबह स्कैन करता हूँ. पहले स्कैन, फिर बिस्मिल्लाह. कल दोपहर में देखा, हरा हो गया. मैं समझा, रस्सी बदल दी."

 "माफ करो चाचा," एवढंच म्हटलं. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि हार्नेसचे पट्टे सोडायला लागला. एक बक्कल काही निघेना. शेवटी विश्वजीतने ते काढून दिलं.

थोड्या वेळाने गच्चीवरून सुहाच्या माणसाने फोटो पाठवला. रबर कापून काढलं होतं. आत दोर पिंजलेला, झाडूसारखा. तो अजून दोन दिवस टिकला असता की दोन मिनिटं, हे कुणी सांगू शकणार नाही. कमाल आजही म्हणत असतील की टिकला असता, आणि मी त्यांना खोटं पाडू शकत नाही.

त्यांचा फोन आलाच. "मॅडम, आपने ये क्या किया? खलास, अब ऑफिस मत आना." पाठोपाठ पुण्याहून सलीलचा मेसेज. "ताई, मी फेल लिहिलं होतं. माझी सही कशी काय टाकलीत? माझं लायसन्स जाईल. बाबा अजून आयसीयूत आहेत." मी तो मेसेज तीनदा वाचला. आधी शंभर वेळा त्यानेच फोनवर "टाका सही" म्हटलं होतं, हे लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही. त्याने निदान यावेळी प्रामाणिकपणे शीट भरली होती.

सुहाने माझं नाव, रेसिडेंट कार्डाचा नंबर लिहून घेतला. उद्या जबाब द्यायला यावं लागेल म्हणाली. मग पेन तसंच धरून तिने विचारलं, "हे एकच आहे ना?"

मला कळलंच नाही आधी.

"म्हणजे, इन्स्पेक्टरने न करता सही चिकटवलेलं. हे एकच सर्टिफिकेट आहे ना?"

मी हो म्हणू शकले असते. ती मानणार होती, तिला मानायचंच होतं. समोर सीफचे टॉवर उन्हात उभे होते आणि त्यांतल्या दोहोंवर मला इथूनही क्रेडल दिसत होती, एकावर पिवळं, एकावर पांढरं. त्यांचे नंबर माझ्याच रजिस्टरचे. बहुतेक सगळी चांगलीच असतील, इन्स्पेक्टरने फोनवर ओके सांगितलेली असतील. बहुतेक.

"नाही," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. सासऱ्यांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून पाणी आणून दिलं. माझं ऑफिसचं लॉगिन तोवर बंद झालं होतं. फोल्डर, रजिस्टर, काहीच उघडत नव्हतं. जे होतं ते डोक्यात. मी मैत्रीच्या प्रोजेक्टचे कच्चे कागद घेतले आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसले. टॉवरचं नाव, क्रेडल की क्रेन, साधारण महिना, कुणाची सही. सुहाने सांगितलं होतं, जेवढी आठवतील तेवढी द्या, मी एकेका साइटला फोन करते.

मैत्री शाळेतून आली ती उड्या मारत. प्रोजेक्ट सगळ्यांना आवडलं होतं. आजोबांच्या आजाचा भाग तर बाईंनी दोनदा सांगायला लावला. मग तिने टेबलावरचे कागद पाहिले, माझा चेहरा पाहिला, आणि तिच्या आजोबांनी तिला थोडक्यात सांगितलं.  मला तिच्याकडे बघवेना. तिच्या डोळ्यांत मी आजवर कधी चूक केली नव्हती.

"सो यू वेअर द वन हू टाइप्ड इट," ती म्हणाली.

"हो."

तिने दप्तर खाली ठेवलं, लॅपटॉप उघडला, जहाजाचं पान बंद केलं आणि नवं कोरं पान काढलं. "तुझं हँडरायटिंग त्यांना कळणार नाही. तू सांग. आय विल टाइप."

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. सासरे खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. एकदा ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आजा मरेपर्यंत म्हनायचा, जहाज आलं असतं तर बरं झालं असतं. शेडीचं सार्थक झालं असतं." मग थांबून, "त्यानं असं म्हनायला पायजे व्हतं, निघालंच नसतं तर."

एकेचाळीसपर्यंत नावं पटापट आठवली. मग अडायला लागलं. जुफेअरचं ते हॉटेल, त्याची क्रेडल दोन की तीन? सनाबिसची इमारत, सही सलीलची की त्याच्या आधीच्याची? मैत्रीची बोटं कीबोर्डवर थांबून राहायची. बाहेर उन्हं उतरत होती, दिवसाच्या शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. क्रेडलवरचे सगळे खाली आले असतील.

"आई, अजून किती?"

"आठवतेय. तू लिही."

उद्या सकाळी सात वाजता ते सगळे पुन्हा स्कॅन करणार होते, आणि पान हिरवं येणार होतं.